चित्र अडकलंय, आवाज चालू आहे

काल रात्री वरच्या मजल्यावरचे काका माझ्या घरी आले, माझ्या डीव्हीडी प्लेअरचा प्लग भिंतीतून खेचून काढला, परत लावला, हात झटकले आणि म्हणाले, "झालं. आता चालेल बघ."

चालतच होतं हो काका.

आज दुपार झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि ज्याला सांगावं तो हसतोय, म्हणून म्हणलं लिहूनच काढू.

तर माझ्याकडे 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन'चा बॉक्स सेट आहे. जपानी ॲनिमे, सायन्स फिक्शन, १९९५च्या ऑक्टोबरपासून ९६च्या मार्चपर्यंत टीव्ही टोकियोवर लागलेली, एकूण २६ एपिसोड, दिग्दर्शक हिदेआकी अन्नो. महाकाय यंत्रं आणि त्याहून महाकाय डिप्रेशन. (यंत्रं म्हणजे रोबो नव्हेत. ते रोबो का नाहीत हे समजावायला मला साधारण अर्धा तास लागतो आणि आजवर कोणी अर्धा तास थांबलेलं नाही.) पुढे स्पॉयलर आहेत म्हणून ओरडू नका, सिरीजला एवढी वर्षं झालीत की तिच्यातलं भविष्यसुद्धा होऊन गेलंय.

सेट घेतला तेव्हा माझी कल्पना अशी होती की लोक येतील, बघतील, मग आपण बसून चर्चा करू. लोक आले. एक मित्र अख्खा सेट घेऊन गेला, तीन आठवडे ठेवला आणि परत देताना म्हणाला, "भारी आहे रे." काय आवडलं विचारलं तर म्हणाला, "बॉक्स. पुठ्ठा मजबूत आहे." दुसऱ्याने पहिली डिस्क बघून डायरेक्ट शेवटची लावली आणि मला फोन करून झाप झाप झापलं की काहीच कळत नाही, कसले फालतू लोक आहेत हे, आणि तू पण. अरे मग मधल्या डिस्क काय पॅकिंगसाठी दिल्यात का? मावसभाऊ म्हणाला, सबटायटल वाचत बसायचं तर मी पुस्तकच वाचेन की. तो पुस्तकही वाचत नाही, ही वेगळी गोष्ट. बायकोने तीन एपिसोड बघितले आणि तिला फक्त पेंग्विन आवडला. त्यात एक पेंग्विन आहे, तो घरातल्या फ्रिजमध्ये राहतो, कथेशी त्याचा तसा संबंध नाही. आता मी कधीही सेट काढला की आतून आवाज येतो, "पेंग्विन आहे का यात?" नाही म्हणलं की दार लागतं.

आणि हे सगळं बघण्याआधी मी काय भोगलंय ते तर कोणी विचारतच नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे तुकडे करून ठेवलेत, त्यांना म्हणायचं रीजन. जपान आणि युरोप २ नंबरात, अमेरिका-कॅनडा १ नंबरात, बाकी दुनिया उरलेल्या नंबरांत. माझा सेट १ नंबरचा निघाला आणि प्लेअर भलत्याच नंबरचा. डिस्क घातली की स्क्रीनवर चूक माझीच असल्यासारखी पाटी. कंप्युटरच्या ड्राइव्हला रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा तुम्ही जिथे असाल तिथले कायमचे रहिवासी. लोक देश बदलतात, बायका बदलतात, धर्म बदलतात, कोणी मोजत नाही, आणि इथे स्वतःच्या पैशाने घेतलेली डिस्क बघायला पाचची मर्यादा! शेवटी सगळे रीजन चालवणारा वेगळा प्लेअर घेतला. म्हणजे सेटसाठी प्लेअर, प्लेअरसाठी नवीन वायर, वायरसाठी भिंतीत वेगळा प्लग. काकांनी खेचला तो हाच.

तर काल रात्री दहाच्या सुमाराला मी चोविसावा एपिसोड लावून बसलो होतो. ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. त्यात बेथोव्हनची नववी सिंफनी लागते, तिच्यातला तो शंभर माणसं एकदम गातायत असा कोरस, आणि तो हळू आवाजात ऐकायचाच नसतो. नेमकी तेव्हा बेल वाजली. दारात काका, अंगात बनियन, हातात टॉर्च. जिन्यात लाइट होता. टॉर्च का होता मला माहीत नाही.

"कोण गातंय एवढं?"

"टीव्ही आहे काका. कमी करतो आवाज."

"मला वाटलं माणसं आलीयेत तुझ्याकडे." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, माणसं नव्हती, त्यांचा चेहरा जरा उतरला, आणि तरी ते आत आले. आले ते सरळ माझ्या खुर्चीत बसले. मी पॉज करायला रिमोट शोधतोय तर रिमोट त्यांच्याखाली. आता वडीलधाऱ्या माणसाला जरा उचला म्हणायचं कसं.

"कार्टून बघतोस?"

"ॲनिमे आहे काका."

"म्हणजे कार्टूनच."

"जपानी आहे. मोठ्यांसाठी असतं."

"जपानी कार्टून," काका म्हणाले आणि टॉर्च मांडीवर ठेवून नीट सावरून बसले.

या विषयावर माझ्याकडे तयार भाषण आहे, पण तेवढ्यात तो सीन आला. आता सांगतो काय असतं ते. हिरोच्या यंत्राच्या मुठीत एक मुलगा आहे, हिरोचा मित्र, बहुतेक एकुलता एकच, आणि तो शत्रू निघालाय, आणि तोच म्हणतोय मला मार. मूठ आवळायची की नाही, एवढंच. आणि इथे अन्नो काय करतो तर चित्र थांबवतो. जवळपास मिनिटभर. काही हलत नाही, पापणी नाही, कॅमेरा नाही, नुसतं एक चित्र आणि मागे तो कोरस. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा श्वास घ्यायचा विसरलो होतो, खरंच.

काका पहिले दहा सेकंद गप्प होते. मला वाटलं पोचलं. कलेला भाषा नसते वगैरे जे म्हणतात ते डोळ्यासमोर घडतंय असं वाटून मी त्यांच्याकडे बघितलं पण.

"अडकलं," काका म्हणाले.

"नाही काका, असंच आहे ते."

"अरे अडकलंय. आवाज चालू आहे, चित्र अडकलंय."

"मुद्दाम ठेवलंय तसं. तो विचार करतोय."

"कोण?"

"तो मुलगा. आत बसलाय त्या यंत्राच्या."

"मुद्दाम कोण अडकवून ठेवेल? थांब, आमच्याकडे पण व्हायचं हे." आणि उठले. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणारा हा माणूस, पण त्या प्लगपर्यंत ते ज्या चपळाईने पोचले ती मी आयुष्यात विसरणार नाही. खट्. अंधार. बेथोव्हन अर्ध्या स्वरात गेला.

"दहा मोजायचे आणि मग लावायचा," काका म्हणाले आणि त्यांनी दहा मोजले. मोठ्याने. एकेक आकडा सुटा. सातपर्यंत मी नुसता उभा होतो, आठला मला राग आला, नऊला वाटलं आता बोलावं, दहाला त्यांनी प्लग लावला.

बरं झालं ते बाविसाव्या एपिसोडला आले नाहीत. त्यात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत, एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत, लिफ्ट चालल्याचा आवाज, बास, तेही जवळपास मिनिटभर. आणि २००९ साली 'हारुही सुझुमिया' नावाच्या दुसऱ्या एका ॲनिमेत सलग आठ आठवडे जवळजवळ तोच एपिसोड आठ वेळा दाखवला होता, दर वेळी नव्याने काढून, नव्याने आवाज देऊन, कारण कथेतली माणसं काळाच्या चक्रात अडकलेली असतात. तिथे काकांना बसवलं असतं तर आठ वेळा प्लग आणि ऐंशीपर्यंत आकडे.

तर प्लेअर पहिल्यापासून चालू झाला आणि सुरू झाल्या सूचना. कॉपी करणं गुन्हा आहे, चोरी आहे, एवढा दंड, एवढी कैद. स्किप दाबलं की स्क्रीनवर बंदीचं चिन्ह येतं, हे तुम्हाला वाचावंच लागेल म्हणून. मला हे कधीच समजलेलं नाही. ज्याने फुकट उतरवून घेतलंय त्याला ही पाटी दिसत नाही. ज्याने पैसे मोजले, रीजन भोगले, वेगळा प्लेअर घेतला, त्यालाच बसवून दर वेळी सांगायचं, चोरी करू नकोस हां. आणि काकांनी ते सगळं मन लावून वाचलं आणि मला विचारलं, "हे तुझं रीतसर घेतलेलं आहे ना?"

मी म्हणलं हो. म्हणाले विचारलेलं बरं.

मग वेळ होता म्हणून त्यांनी बॉक्स उचलला, लांब धरला, जवळ धरला, आणि त्यावरच्या चित्राकडे टॉर्च मारला. टॉर्चचा उपयोग झाला एकदाचा.

"याच्या पाठीला ही दोरी कसली?"

"वायर आहे काका. त्याला वीज बाहेरून लागते."

"एवढ्या मोठ्या मशीनला वायर?"

"हो. वायर निघाली तर आतल्या बॅटरीवर पाच मिनिटं चालतो."

"पाच?"

"पाच."

"आणि हे कधीचं दाखवलंय म्हणालास?"

"भविष्यातलं. म्हणजे २०१५चं."

काकांनी टॉर्च माझ्याकडे वळवला. "२०१५ होऊन गेलं."

"हो, पण १९९५ साली बनवलं तेव्हा ते भविष्य होतं ना."

"आणि भविष्यात पण बॅटरी पाचच मिनिटं." त्यांनी बॉक्स खाली ठेवला. "बघ म्हणजे. सगळं दुखणं प्लगचंच असतं. चालवतो कोण याला?"

"चौदा वर्षांचा मुलगा."

"चौदा? आणि साहेब कोण तिथला?"

"त्याचे वडील."

"हां, मग वशिला आहे."

"नाही काका, उलट आहे, त्याला चालवायचंच नाहीये, वडिलांनी कित्येक वर्षांनी बोलावलं आणि आल्या आल्या म्हणाले यात बस, तो नको म्हणतोय, तोच तर सगळा..."

"वशिल्याची पोरं असंच म्हणतात."

याला उत्तर नाही. मी इतकी वर्षं या पोराबद्दल वाचलंय, त्याच्या एकटेपणावर, त्याच्या त्या टेपवर जी सारखी २५वं आणि २६वं गाणंच परत परत वाजवते, आणि एपिसोड बरोबर २६च आहेत, यावर मी तुम्हाला जेवणाच्या टेबलावर तासभर बोलून दाखवेन, दाखवलंय पण, आणि समोरून हे आलं.

मी म्हणलं आता जातील. गेले नाहीत. दुरुस्ती केलेला माणूस दुरुस्ती चालली का हे बघितल्याशिवाय जात नाही. तोच एपिसोड परत लावायला लावला. परत कोरस, परत ती मूठ, परत ते चित्र थांबलं, आणि काका खुर्चीच्या कडेला सरकले, आणि मी, मला सांगायला लाज वाटते, पण मी उठून प्लगच्या समोर जाऊन उभा राहिलो. हात पसरून. अख्खा मिनिट आम्ही दोघं असेच, टीव्हीत काही हलत नाही आणि घरात पण काही हलत नाही. मग एकदाचा सीन पुढे सरकला.

"चाललं!" काका म्हणाले. "बघ. मगाशी इथेच अडकत होतं."

आता हे श्रेय त्यांच्याकडून कोणीही परत घेऊ शकत नाही. ते आज जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगत होते, याची मशीन मी चालू करून दिली.

पण खरा त्रास पुढे झाला. ते शेवटचे दोन एपिसोड पण बसून बघायला लागले, पंचवीस आणि सव्वीस. हे ते कुप्रसिद्ध दोन. सगळी लढाई, सगळी गुपितं बाजूला ठेवून अन्नो त्या पोराच्या डोक्यात शिरतो आणि बाहेरच येत नाही. खुर्चीवर बसलेला पोरगा, प्रश्न, पडद्यावर नुसती अक्षरं, फोटो, पेन्सिलने काढलेली कच्ची चित्रं. १९९६ साली हे बघून प्रेक्षक इतके भडकले की काय सांगू, आणि १९९७च्या जुलैत वेगळा शेवट सांगणारा सिनेमा आला तर त्यात प्रेक्षकांकडून आलेल्या त्या संतापाच्या मजकुराच्याच झलकी पडद्यावर दाखवून दिल्या त्यांनी. मी या दोन एपिसोडच्या बाजूने आयुष्यभर भांडलोय. मी म्हणतो तो कच्चेपणा म्हणजेच त्या मुलाचं मन आहे, ते विघटन आहे. हा शब्द मी लोकांसमोर वापरलाय.

काकांनी सात-आठ मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "काम अपुरं राहिलंय हे."

"नाही काका, ते मनाचं..."

"अरे मी आयुष्यभर अपुरी कामं तपासलीयेत. मुदत संपत आली की ठेकेदार असंच करतो. भिंत झाली नाही की भिंतीच्या जागी नकाशा टांगतो आणि म्हणतो साहेब, बघा कशी दिसणार आहे. हे नकाशे टांगलेत त्यांनी."

शेवटी शेवटी त्या स्टुडिओचं वेळापत्रक कोलमडलं होतं हे जगजाहीर आहे. मलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बनियनमधल्या माणसाने टॉर्च हलवत, सबटायटल निम्मी सोडून देत, आठ मिनिटांत ते सांगणं वेगळं. माझं विघटन तिथल्या तिथे झालं.

मग तो शेवटचा सीन. सगळी पात्रं गोल करून उभी, मध्ये तो पोरगा, एकेक जण टाळ्या वाजवत म्हणतो, अभिनंदन. अभिनंदन. पेंग्विन पण असतो त्यात (बायकोला हाक मारली, ती झोपली होती). मी काकांकडे बघितलंच नाही, म्हणलं आता काय ऐकावं लागतंय.

"रिटायर झालो तेव्हा हुबेहूब असंच," काका म्हणाले. "सगळे गोल उभे. टाळ्या. अभिनंदन, अभिनंदन. मी नक्की काय काम करायचो हे त्यातल्या चौघांना सुद्धा माहीत नव्हतं." आणि जरा वेळाने, "हसला शेवटी पोरगा. मी पण हसलो होतो."

टीव्हीवर नावं यायला लागली. आम्ही दोघांनी ती सगळी वाचली, जपानीत होती तरी.

आता तुम्ही म्हणाल मग राग कसला? राग असा की हा सेट मी घेतला, मी सांभाळला, मी चार वेळा पूर्ण बघितला, आणि आजवर एकाही माणसाने मला विचारलेलं नाही की बाबा रे तुला काय वाटलं. पुठ्ठ्यावर मत आहे, पेंग्विनवर मत आहे, प्लगवर मत आहे. आणि बघणाऱ्यांच्या मताचा भरवसा तरी काय? १९७४ला 'यामातो' नावाची अंतराळातल्या युद्धनौकेची सिरीज आली, बघायला कोणी नाही म्हणून ३९ची २६ एपिसोडवर आणली, आणि १९७७ला तेच जोडून सिनेमा केला तर तुफान गर्दी. १९७९चं 'गंडम', तेही महाकाय यंत्रांचंच, ५२ एपिसोडचं होतं, ४३वर गुंडाळलं. नंतर त्याच्या प्लास्टिकच्या मॉडेलांवर पोरं तुटून पडली आणि ते आजतागायत चालूच आहे. तेव्हाची ती न बघणारी माणसं नंतर कुठे गेली? कोणी येऊन सॉरी म्हणलं का? मलाही कोणी म्हणणार नाही, त्या पॅकिंगवाल्या मित्राने तर नाहीच नाही.

असो. जाताना काकांनी पहिली डिस्क मागून घेतली. "सुरुवात बघतो, म्हणजे कुठे चुकलं ते कळेल." मी दिली. कधी नव्हे ते कोणीतरी सुरुवातीपासून बघतो म्हणतंय, नाही कसं म्हणणार. त्यांनी ती डिस्क पापड धरतात तशी चपटी दोन बोटांत धरली आणि अंगठा बरोबर चकचकीत बाजूवर.

सकाळी सहाला वरून सिरीजचं टायटल साँग ऐकू आलं. फुल आवाजात. साडेसहाला परत. मग परत. तक्रार करायला कुठल्या तोंडाने जाणार? तरी दहा वाजता गेलो. काका नातवाचा जुना लॅपटॉप घेऊन बसले होते.

"लागली का डिस्क?" मी विचारलं. माझ्या डोक्यात एकदम रीजन आला होता.

"लागली की. आधी काहीतरी विचारत होतं, नंबर बदलू का म्हणून. मी हो म्हणलं. परत विचारलं, परत हो म्हणलं. चारदा झालं. आता म्हणतंय एकदाच उरलंय. म्हणलं राहू दे, उगाच कशाला." मग जरा थांबून म्हणाले, "तो वशिला नाही रे. त्या पोराला खरंच नव्हतं बसायचं."

मला काय झालं माहीत नाही, मी तिथेच जमिनीवर बसलो आणि म्हणलं, "मग काका, कशी वाटली?"

"चारच झालेत अजून. पूर्ण बघितल्याशिवाय मत कसं सांगणार?" काका म्हणाले. "दुसरी आण."

नेऊन दिली. पहिली परत आलीय, तिच्यावर अंगठा असा उमटलाय की सही म्हणून चालेल. चष्म्याचा फडका सकाळपासून शोधतोय, तोही बहुतेक वरच आहे.